शेपूट बघून फोन करावा

केडगावला दोन तोंडं आहेत. पुणे रस्त्याकडून आलं की मंगल कार्यालयं, गाड्यांची शोरूम, ‘ताबा त्वरित’ म्हणणारे फ्लॅटचे फलक आणि थोड्या थोड्या अंतराने एक क्लास. भूषणनगर, शाहूनगर ओलांडून शेवटच्या गल्लीच्या पलीकडे गेलं की ज्वारी, घास, कांदा आणि बांधावरची बाभळ. इथला माणूस घरपट्टी महापालिकेला भरतो, आणि गच्चीवर कुरडया वाळत घालताना त्याला दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरचं पीक दिसतं. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला अख्खं नगर इकडे लोटतं, तेव्हा आम्ही ‘केडगाव देवी’ असतो. एरवी आम्ही उपनगर असतो. पार्किंगवरून भांडण झालं की मात्र दोन्ही पक्ष ‘मी इथला मूळ गावकरी आहे’ एवढ्या एकाच मुद्द्यावर लढतात.

अशा ठिकाणी मध्यरात्रीनंतर दिसणारं डुक्कर नेमकं कोणतं, हा प्रश्न साधा नाही. शास्त्रज्ञ एका वाक्यात मोकळे होतात. रानडुक्कर आणि गावठी डुक्कर मुळात एकाच प्रजातीची, नाव सुस स्क्रोफा; पाळीव डुक्कर म्हणजे काही हजार वर्षांपूर्वी माणसाळलेला रानडुकराचाच भाऊबंद. कायद्याने मात्र या भावाभावांची केव्हाच वाटणी करून दिली आहे. एक भाऊ वनखात्याच्या वाट्याला गेला, दुसरा महापालिकेच्या. भावांना हे कोणी कळवलेलं नाही. ते अजून एकाच उकिरड्यावर एकत्र जेवतात.

आमच्या गल्लीत एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. उभी हयात अर्धं कोणाला, पूर्ण कोणाला आणि सवलतीचं कोणाला हे ठरवण्यात गेल्यामुळे त्यांचा वर्गीकरणावर गाढ विश्वास. ‘आधी प्रवासी कोण ते ठरवा, मग भाडं सांगा,’ हे त्यांचं तत्त्व ते लग्नाच्या पंगतीपासून राजकारणापर्यंत सगळीकडे लावतात. एका रात्री गल्लीच्या कोपऱ्यावर ओल्या कचऱ्याचा डबा आडवा झाल्याचा आवाज आला. आम्ही सगळे आपापल्या गॅलरीत आलो. खाली अंधारात काळंभोर, कमरेच्या जरा खाली येईल एवढं धूड कलिंगडाच्या सालीत नाक खुपसून उभं. कोणी म्हणालं, महापालिकेला फोन लावा. कोणी म्हणालं, वनखात्याला. काका टॉर्च घेऊन आले आणि म्हणाले, ‘थांबा. आधी शेपूट बघू द्या.’

हे ज्ञान त्यांनी कुठून मिळवलं माहीत नाही, पण ते बरोबर आहे. रानडुकराचं शेपूट साधारणपणे सरळ, टोकाला केसांचा गोंडा. पाळीव डुकराचं बऱ्याचदा वळलेलं. रानडुकराच्या पाठीवर मानेपासून राठ केसांची आयाळ, थोबाड लांब, नराला वर वळलेले सुळे. त्याच्या लहान पिल्लांच्या अंगावर वाळकावर असतात तसे लांब पट्टे, ते वाढत्या वयात पुसले जातात. एवढी चिन्हं दिवसाउजेडी शाळेच्या तक्त्यावर सहज ओळखू येतात. रात्री दोन वाजता, दुसऱ्या मजल्यावरून, तुमच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या जनावराच्या शेपटाची चौकशी करणं म्हणजे स्वतःहून प्रकृतीला आव्हान. शिवाय मधल्या काळात दोन्ही घराण्यांत सोयरिकी झालेल्या असतात. आयाळ आहे पण शेपूट वळलेलं, असं पात्र निघालं की काकांची सगळी तिकिटं संपतात.

वनखात्याच्या वाट्याला गेलेल्या भावाची कागदपत्रं आधी पाहू. 1972 हे साल नगरकर विसरत नाहीत. त्या साली दुष्काळ पडला. त्याच साली लुना आली. ती बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना आमच्या शेजारीच दौंड रस्त्याला, म्हणून तर कायनेटिक चौक. आणि त्याच साली सप्टेंबरात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम झाला. दुष्काळ सुकडीवर निभावला, लुना हल्ली विजेवर धावते, कायदा मात्र जिथे आहे तिथे भक्कम उभा आहे. त्याच्या कलम 9 ने शिकारीला बंदी घातली. शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. विष घालणं, पकडणं, फासा लावणं, सापळा मांडणं, हाका करून हुसकावणं, आमिष दाखवणं, यातलं प्रत्येक शिकारच. आणि यातलं काही करण्याचा नुसता प्रयत्न केला तरी तीही शिकारच. म्हणजे फासा लावला, डुक्कर आलंच नाही, आणि रात्रभर आपणच डासांची शिकार झालो, तरी कायद्याच्या लेखी शिकारी आपणच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

रानडुक्कर आधी तिसऱ्या अनुसूचीत होतं. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूची सहावरून चारवर आणल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून ते दुसऱ्या अनुसूचीत गेलं. तारीख एक एप्रिल असली तरी ही थट्टा नव्हती. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘तिसऱ्यातून दुसऱ्यात म्हणजे बढती. मागणीपत्र, संप, काही न करता?’ महामंडळात ज्यांची बढती शेवटपर्यंत अडकून राहिली, त्यांना ही बातमी झोंबणं साहजिक आहे. आसामातल्या पिग्मी हॉग नावाच्या वीतभर उंचीच्या दुर्मीळ डुकराचा मुक्काम पहिल्या अनुसूचीत आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. एका दिवशी एवढंच पुरे.

आता दुसरा भाऊ. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 हे भारदस्त पुस्तक उघडलं की मागच्या अनुसूचीत डुकरावर एक छोटा नियम आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय शहरात कोणी डुक्कर पाळायचं नाही. कोणत्याही जनावराला घाण खायला घालायची नाही, खाऊ द्यायची नाही. आणि मोकाट फिरताना आढळलेलं डुक्कर तिथल्या तिथे नष्ट करता येईल, कलेवराची विल्हेवाट आयुक्त सांगतील तशी लावायची, आणि त्याबद्दल कोणाला भरपाई मागता येणार नाही. एवढी खमकी भाषा या पुस्तकात थकबाकीदारांसाठीसुद्धा वापरलेली मला दिसली नाही.

काकांनी नियम दोनदा वाचून घेतला आणि चष्मा पुसत विचारलं, ‘नष्ट करता येईल, ठीक आहे. पण कोणी?’

इथेच पंचाईत आहे. कर्मणी प्रयोगात लिहिलेल्या नियमात कर्ता अध्याहृत असतो. तो कर्ता म्हणजे आपण, असा समज करून कोणी काठी घेऊन खाली उतरलाच, तर जनावरांचा छळ प्रतिबंधक अधिनियम, 1960 त्याची वाट पाहत असतो. डुक्कर कोणाच्या मालकीचं निघालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 ही आहेच, जनावर मारून नुकसान करण्याबद्दलचं. आणि मोकाट डुकराचा मालक कसा शोधायचा? जिवंत डुकराला मालक नसतो. ते खड्ड्यात पडून मेलं तरी नसतो. मोटारसायकलखाली आलं की तो पाच मिनिटांत हजर होतो, आणि ते गाभण होतं हे शपथेवर सांगतो.

यावर इंग्रजांनी एक सरळ तोडगा काढला होता. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात, म्हणजे आपल्या कोंडवाड्याच्या कायद्यात, ‘गुरं’ या शब्दाच्या व्याख्येत म्हैस, घोडा, गाढव, मेंढी, शेळी यांच्याबरोबर डुक्कर आहे. उंट आहे. हत्तीसुद्धा आहे. साहेबाने व्याख्या लिहिताना कोंडवाड्याचं दार मोजलेलं दिसत नाही. डुक्कर शेतात शिरलं की शेतकऱ्याने त्याला धरून कोंडवाड्यात नेऊन घालावं, ही कल्पनाही ज्याने डुक्कर धरलेलं नाही त्यालाच सुचू शकते. गाय दाव्याला येते, गाढव कानाला येतं. डुकराला धरण्यासारखं निसर्गाने काही ठेवलेलंच नाही.

शहरातल्या माणसाचं दुःख एका डब्यापुरतं. खरी रड आमच्या सौभाग्यवतींच्या मामांकडे. मामांची जमीन नगर तालुक्यातच, गुंडेगावच्या बाजूला, डोंगराच्या कुशीला. तिथे शेपूट बघावं लागत नाही. तिथे सगळी शेपटं सरळ. भुईमूग भरला की त्याचा वास माणसाच्या आधी त्यांना लागतो. एका रात्रीत कळप येतो, नांगराने निघणार नाही एवढी माती नाकाने उलथतो, शेंगा खातो आणि वेलांचा ढीग मालकासाठी नीट ठेवून जातो. मक्याचं तर असं की खाणार एक ताट, मोडणार दहा. मामा सकाळी बांधावर उभे राहून म्हणतात, ‘पाव्हणं, म्या पेरणी केली, खुरपणी केली, पानी दिलं. काढणी त्यांनी केली. मजुरी नाय घेतली, येवढाच उपकार.’

तुम्ही शहरात कागदपत्रं वाचता, तर परवान्याचं बघा, असं मामांनी मला सांगितलं. बघितलं. तर मार्ग आहे. कलम 11 असं सांगतं की दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, आणि यात उभं पीकही आलं, धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, कारणं नमूद करून, लेखी आदेशाने, त्या प्राण्याच्या शिकारीला परवानगी देऊ शकतो. 2015 साली आपल्या सरकारने रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी हा अधिकार खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत आणणारा शासन निर्णयही काढला. मामा खूश झाले. म्हणाले, ‘मंग अर्ज लिहा.’

अर्ज लिहिता येईल. पण मारायचं कशाने? त्यासाठी 1959 चा शस्त्र अधिनियम. त्यात पीक संरक्षणासाठी परवान्याची सोय आहे आणि खास त्या कामासाठी कायद्याला जी बंदूक प्रथम आठवते, ती ठासणीची. म्हणजे नळीत वरून दारू घालायची, गजाने ठासायची, छर्रे घालायचे, परत ठासायचं, टोपी बसवायची, मग नेम. हे सगळं होईपर्यंत डुकराने थांबावं अशी तरतूद कायद्यात नाही. ठासणीची पुरी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. पण ते त्याला पटवायला आधी ठासणीची घेऊन अपयशी व्हावं लागतं की कसं, ते मला नीट उलगडलं नाही. त्यातून निवडणूक लागली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. लोकसभा, विधानसभा, मग झेडपी, मग सोसायटी. आपल्याकडे निवडणुकीचा हंगाम खरीप-रब्बीपेक्षा लांब. आचारसंहिता डुकरांना लागू नाही.

आणि एवढं करून मारलंच, तर? ‘तर ते सरकारजमा,’ मी सांगितलं. कलम 39 प्रमाणे शिकार झालेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी राज्य सरकारची मालमत्ता. मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हंजी जित्तं हाय तवर भुईमूग खायाला माज्याकडं, आन मेलं का सरकारचं?’ कायद्याचा एवढा नेमका सारांश मी तरी वाचलेला नाही.

यापेक्षा मोठी एक सोय कलम 62 मध्ये आहे: केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी उपद्रवी जाहीर करू शकतं, मग त्याचं संरक्षण तेवढ्यापुरतं उठतं. 2015-16 मध्ये बिहारात रोही आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड असे जाहीर झाले, आणि जून 2016 मध्ये त्यावरून केंद्रातल्याच दोन मंत्र्यांची जाहीर जुंपली. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर म्हणाले, राज्यं मागणी करतात तेव्हा आम्ही परवानगी देतो. मनेका गांधी म्हणाल्या, ही मारण्याची हौस आहे. त्यांनी आपल्या चंद्रपुरातल्या रानडुकरांचाही हवाला दिला. दोन डुकरं झुंजली तर मोडतो तो मका, एवढा शेतकऱ्याचा अनुभव आहे; मंत्री झुंजल्यावर काय मोडतं ते त्याला अजून दिसलं नाही. केरळाने वेगळी वाट धरली. केंद्र उपद्रवी म्हणायला तयार होईना, तेव्हा 2022 मध्ये त्यांनी पंचायतीच्या अध्यक्षांनाच रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार दिले. आपल्याकडे सरपंचाला हा अधिकार मिळाला तर काय होईल, याचा विचार करून पाहिला. विरोधी पॅनलच्या शेतात डुक्कर शिरलं, तर ते उपद्रवी आहे हे सिद्ध व्हायला पाच वर्षं लागतील.

अमेरिकेत टेक्सास नावाचं राज्य आहे, तिथे मात्र सगळा उलटा कारभार. तिथे मुळात डुक्करच नव्हतं. 1539 मध्ये दे सोतो नावाच्या स्पॅनिश सरदाराने फ्लोरिडात उतरताना शिदोरी म्हणून जिवंत डुकरं आणली. पुढे आणखी वसाहतवाल्यांची पाळीव डुकरं सुटली, शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, सगळी मिसळली आणि त्यांनी संयुक्त संस्थानांचा अख्खा दक्षिण भाग उकरून काढला. तिथे शेपूट बघत नाहीत. 2011 मध्ये तिथल्या विधिमंडळाने हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला मोकळीक दिली. 2017 मध्ये गरम हवेच्या फुग्यातूनही दिली. हे मामांना सांगताना माझा हिशेब चुकला. त्यांना ती कविकल्पना वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, ‘फुग्याला सबसिडी किती?’

शिकारीच्या गोष्टी आमच्याकडे कमी नाहीत. पाराखाली बसणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या आजोबांनी एकदा तरी वाघर लावून, हाका घालून, सुळेवाला डुक्कर एकट्याने लोळवलेला आहे. ‘एकट्याने’ म्हणजे हाक्याला तीस माणसं सोडून. इंग्रज अधिकाऱ्यांनी तर दख्खनच्या छावण्यांत याचा खेळच केला होता: घोड्यावरून भाला घेऊन डुकरामागे धावायचं, ज्याचा भाला आधी लागेल त्याचा मान, मादीला हात लावायचा नाही. पुढे बालवीर चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी 1889 मध्ये यावर पुस्तक लिहिलं. साहेब करतो तेव्हा त्याला खेळ म्हणतात, नियम असतात, पुस्तक निघतं. आपल्या गावांत डुक्कर धरायचं काम पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेरच्या एका घरावर ढकललेलं असतं आणि बाकीचं गाव कठड्यावर बसून हसतं. शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’त ते हसणं दाखवलं, तेव्हा थिएटरात पहिल्या अर्ध्यात हसलेले आम्ही बरेच जण नंतर पाय आवरून बसलो होतो. म्हणून ‘डुक्कर धरायला माणूस बोलवा की’ असं कोणी सहज म्हणालं, तर मी हल्ली विचारतो, कोणाला? आणि तुम्ही का नाही?

चोरवाटा आहेत, आणि त्या भयंकर आहेत. कुठे पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात. डुक्कर येण्याआधी एखाद्याची गाय तो चघळते. कुठे खांबावर आकडा टाकून शेताच्या तारेत थेट वीज सोडतात; सकाळी तारेला डुकराऐवजी शेजारी चिकटलेला सापडतो, कधी स्वतः मालकच. यात विनोद नाही, म्हणून पुढे जातो.

कायदेशीर उपाय मात्र मोठे देखणे. पहिला उपाय साड्यांचा. शेताभोवती काठ्या रोवून रंगीत साड्या बांधायच्या. वाऱ्याने हलल्या की डुकराला माणसाची चाहूल वाटते म्हणतात. मामींनी त्यासाठी कपाट उघडलं. नेसायच्या साड्या कोण देतो? निघाल्या त्या आहेराच्या. एका लग्नात आलेल्या, दुसऱ्या लग्नात द्यायला ठेवलेल्या, घडी न मोडलेल्या, कुंकवाचं बोट लागलेल्या. चार नात्यांतून फिरून अखेर त्या साड्या मोकळ्या हवेत आल्या. डुकरं आली की नाही ते सांगता येत नाही, पण मामींच्या जाऊबाई आल्या. बांधावरून चालता चालता एका मोरपंखी साडीपाशी थबकल्या, पदराचं टोक उलटून पाहिलं, आणि ‘ही तर मी प्रमिलाच्या हळदीला...’ एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्या घरात रानडुकराचा विषय निघत नाही.

दुसरा उपाय केसांचा. सलूनमधले कापलेले केस बांधालगत पसरायचे. डुक्कर जमीन हुंगत चालतं, केस नाकात जातात, माणसाचा वास भरतो, ते बिचकतं. शेतकी संशोधकांनीही हा उपाय तपासून सांगितलेला आहे. पण मामांच्या गावात निम्मी पोरं पुण्याला आणि उरलेल्यांच्या डोक्यावर पीक विरळ. त्यामुळे केसांचं पोतं केडगावहून नेण्याचं काम माझ्याकडे आलं. सलूनवाल्याने आधी फुकट दिलं. मागणी वाढली तसं तो म्हणाला, ‘साहेब, आता बुकिंग चालू आहे.’

तिसरा उपाय आवाजाचा. भोंगा मिळतो, त्यात कुत्र्याचं भुंकणं, फटाके, वाघाची डरकाळी भरलेली असते. मामांनी आपलाच आवाज भरता येतो असा स्वस्तातला घेतला. त्यांनी ‘हाऽऽड! हुर्रर्र! हाऽऽड!’ असं पोटातून भरलं. पण बटण वेळेवर बंद झालं नाही. आता रात्री दर दहा मिनिटांनी डोंगरापर्यंत ऐकू जातं, ‘हाऽऽड! हुर्रर्र! ...अगं, च्या टाक गं जरा.’ पहिले काही दिवस डुकरं पळाली. मग सरावली. आवाज तोच, जागा तीच, आणि चहा काही येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

या सगळ्यात खरोखर कामाचं निघालं ते झटका मशीन. सौर पॅनल, बॅटरी, शेताभोवती तार. तारेत क्षणाक्षणाला झटका येतो, जोराचा पण जिवावर न बेतणारा, आणि रात्रभर एका लयीत टक्-टक्-टक् वाजत राहतं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदानही मिळतं. डुकराचं ओलं नाक तारेला लागलं की ते जे ओरडतं, ते ऐकून मामा अंथरुणात कूस बदलतात, समाधानाने. फक्त तारेखालचं गवत रोज काढावं लागतं. गवत लागलं की झटका जमिनीत, आणि डुक्कर शेतात.

तरी नुकसान झालंच, तर भरपाई आहे. वनखात्याकडे अर्ज, मग पंचनामा, त्यात पाऊलखुणा, दातांच्या खुणा. पाऊस पडून गेला की खुणा जातात आणि नुकसान तेवढं शिल्लक राहतं. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने जाहीर केलं की 2026 च्या खरिपापासून पीकविम्यात वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही जोडजोखीम म्हणून घेता येईल. नुकसान झाल्यापासून 72 तासांत ॲपवर स्थळाच्या नोंदीसह फोटो टाकायचे. मामांनी फोटोचा सराव आधीच सुरू केला आहे. रात्री टॉर्चच्या उजेडात काढलेला त्यांचा पहिला नमुना त्यांनी मला पाठवला. त्यात भुईमूग अजिबात नाही. मधोमध एक मोठी काळी पाठ आहे, आणि सरळ शेपूट मात्र स्पष्ट आलं आहे. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘हे चालंल का?’

गेल्या रब्बीत त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला सगळ्यात पटली. पूर्वी आमच्याकडे ज्वारीच्या कडेने करडईचे पाटे असायचे. गुरं आत शिरू नयेत म्हणून जुनी माणसं ते पेरत. मग तेल बाजारातून पिशवीत यायला लागलं आणि पाटे गेले. आता संशोधकच सांगतात की शेताच्या कडेने करडईच्या दाट काटेरी ओळी धरल्या तर रानडुक्कर नाक घालायला कचरतं. मामांनी बांधाच्या कडेने चार ओळी पेरल्या आणि मला फोन केला. ‘पाव्हणं, तेवढं कायद्यात बघून सांगा. करडईला परवाना लागतो का?’ मी वन्यजीव अधिनियम, शस्त्र अधिनियम आणि कोंडवाड्याचा कायदा असे तिन्ही चाळले. करडईचं नाव कुठे नाही. बिनधास्त पेरा, म्हणून कळवलं. मागून मामींचा आवाज आला, डुक्कर थांबो न थांबो, कोवळी आहे तोवर भाजीला या म्हणावं.